टॅलीची किल्ली कोणाच्या कनवटीला? रिठदच्या दुकानदारासाठी प्राथमिक मार्गदर्शिका

पूर्वतयारी

तुमचं दुकान रिठदला आहे, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम, असं आम्ही धरून चाललो आहोत. दुकान कृषी सेवा केंद्राचं. समोर बियाण्याच्या पिशव्या, मागे खताची थप्पी, डाव्या हाताला औषधांचं काचेचं कपाट आणि मधोमध, लक्ष्मीच्या फोटोखाली, संगणक. संगणकात टॅली. टॅलीत वापरकर्ता एकच, त्याचं नाव 'अ‍ॅडमिन'. पासवर्ड म्हणजे मालकाच्या पोराचं लाडाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. हा पासवर्ड दुकानात सगळ्यांना पाठ असतो, मालकाला सोडून.

तुमच्या टॅलीला पासवर्डच नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, ही मार्गदर्शिका खास तुमच्यासाठी आहे. चोरीची टॅली वापरणाऱ्यांनी मात्र इथूनच रामराम घ्यावा. चोरीच्या मालावर सुरक्षेचे धडे लिहायला आम्हालाच संकोच वाटतो.

काम तसं लहान आहे. हिशेबात कोणाला काय दिसावं, कोणाला काय लिहिता यावं, लिहिलेलं कोणाला बदलता यावं आणि कोणाला पुसता यावं, एवढंच ठरवायचं. टॅलीत या कामाला दहा मिनिटं लागतात. घरात त्यासाठी साधारण एक दिवाळी ते दुसरी दिवाळी एवढा काळ लागतो, म्हणून मार्गदर्शिका जरा लांबली आहे.

टॅलीचा जन्मच मुळी बापलेकाच्या धंद्यातला. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना माल पुरवायचे. हिशेबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोयंकांना, ते लिहायला बसवलं. १९८६ साली कंपनी उभी राहिली. मुलाला २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा 'आमचा घरचा धंदा आहे, आमच्यात असलं परवानगी-बिरवानगी चालत नाही' हे कारण टॅलीसमोर तरी सांगू नका.

पाठ पहिला: माणसं मोजा

कागद घ्या आणि टॅलीला हात लावणाऱ्या सगळ्यांची नावं लिहा. नवशिका मालक दोन नावं लिहितो, 'मी' आणि 'दिवाणजी', आणि पेन खाली ठेवतो. पेन उचला.

तुमचा धाकटा भाऊ राहिला. तो शेती पाहतो, पण जूनमध्ये गर्दी झाली की गल्ल्यावर बसतो. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा पोरगा राहिला. तो सुटीत येतो, टॅली 'अपडेट' करून देतो आणि परत गेल्यावर आठ दिवस बिल छापून निघत नाही. वाशीमचे टॅक्सवाले साहेब राहिले, जे रिटर्न भरतात. त्यांचा असिस्टंट राहिला, जो खरोखर रिटर्न भरतो. कंपनीचा सेल्समन राहिला, 'फक्त स्टॉक पाहतो शेठ' म्हणत खुर्ची ओढून घेणारा. आणि जावई. जावयाला खुर्चीत बसवावं लागत नाही, तुम्ही चहा सांगून येईपर्यंत तो बसलेला असतो.

शेवटी तो पोऱ्या, जो दिवसभर बिलं फाडतो. बी.कॉम. झालेला, तालुक्याला टॅलीचा कोर्स केलेला, पगार असा की आकडा लिहिला तर तुम्हीच लाजाल. त्याच्याविषयी एक तांत्रिक टीप. टॅलीच्या शिकाऊ अवस्थेत महिन्याच्या १, २ आणि ३१ एवढ्याच तारखांना नोंद करता येते. ज्याचा सगळा सराव त्यावर झाला, तो पहिले काही दिवस सगळी विक्री एक तारखेला टाकतो. रागावू नका. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच तीन तारीख पाहिली आहे.

या पोऱ्याला नीट लक्षात ठेवा. मार्गदर्शिका तुमच्यासाठी लिहिली असली तरी ती त्याच्या बाजूने लिहिली आहे.

पाठ दुसरा: नातं खोडा, काम लिहा

प्रत्येक नावापुढे तो माणूस काय करतो ते लिहा. इथे नवशिक्याचा हात अडखळतो, कारण टॅली विचारते 'काम काय?' आणि दुकान उत्तर देतं 'नातं काय'. संवाद साधारण असा होतो:

"याले बदलाचा हक्क काहून देला?"

"माह्या साळ्याचा पोरगा हाय थो."

"हाव, पन काम काय करते?"

"बिलं फाडते."

"मंग फाडू द्या ना बिलं. जुनं बिल बदलू काहून देता?"

"घरच्या मान्साले नाई कसं म्हना बावा? वाईट वाटते त्याले."

वाईट वाटू द्या. एकदाच वाटेल.

आता तीन भूमिका ठरवा. सुरुवातीला तीनपेक्षा जास्त नकोत, रिठदला रिझर्व्ह बँक उघडायची नाही. बिलावर बसणारा नवी नोंद करू शकेल आणि छापू शकेल, जुनी बदलू शकणार नाही. दिवाणजी बदलू शकतील, पण ठरावीक दिवसांपर्यंत मागे जाऊन. मालक सगळं पाहू शकेल.

'मालक पाहू शकेल' हे वाक्य पुन्हा वाचा. लिहू शकेल असं आम्ही म्हटलेलं नाही. दुकानात हिशेबाला सगळ्यात मोठा धोका चोराचा नसतो, रात्री जेवून अकरा वाजता 'जरा उधारी पाहतो' म्हणून बसलेल्या मालकाचा असतो. त्याला आठवतं की अमक्याने परवा रस्त्यात दोन हजार दिले होते. तो थेट त्याच्या खात्यात जाऊन आकडा कमी करतो. पावती नाही, रोकडीत नोंद नाही. सकाळी गल्ला जुळत नाही आणि सगळं दुकान पोऱ्याकडे पाहतं.

हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही. आपल्या वऱ्हाडात परगण्याला देशमुख असे तसाच देशपांडे असे, गावाला पाटील असे तसाच पांड्या. हुकूम आणि वसुली एकाकडे, लेखणी दुसऱ्याकडे. दोघांचं सहसा पटत नसे, आणि रयतेचा जो काही बचाव व्हायचा तो या न पटण्यामुळेच. देशमुखानेच वही लिहावी असं कोणाला सुचलं नाही, देशमुखांनासुद्धा.

ज्यांना सुचलं त्यांचं काय झालं तेही पाहा. लंडनच्या बेअरिंग्ज बँकेची स्थापना १७६२ सालची. तिच्या सिंगापूरच्या कचेरीत निक लीसन नावाचा तरुण सौदेही करायचा आणि त्या सौद्यांच्या नोंदी-तपासणीचं खातंही त्याच्याच हाताखाली होतं. तोटा झाला की तो ८८८८८ क्रमांकाच्या एका खात्यात ढकलायचा. फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडकीला आलं तेव्हा तोट्याचा आकडा होता ८२ कोटी ७० लाख पौंड. राणीची बँक म्हणून मिरवणारी ती पेढी एका पौंडाला विकली गेली. तुमच्या टॅलीत ८८८८८ क्रमांकाचं खातं नसेल. तुमच्याकडे त्याचं नाव 'किरकोळ' आहे. उघडून पाहा.

पाठ तिसरा: प्रत्यक्ष कृती

दुकान बंद झाल्यावर बसा. आधी बॅकअप घ्या, पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका.

कंपनीच्या माहितीत बदल करायच्या पानावर 'कंट्रोल युजर अ‍ॅक्सेस टू कंपनी डेटा' असा प्रश्न दिसेल. तिथे 'येस' करा. टॅली मुख्य माणसाचं नाव आणि पासवर्ड मागेल. ही मोठी किल्ली. मग 'युजर रोल्स'मध्ये जा. तिथे 'डेटा एन्ट्री' नावाची तयार भूमिका असते. तिच्या आधारावर नवी भूमिका करा, नाव द्या 'बिल'. काय करू द्यायचं आणि काय नाही, याची यादी समोर येते: नवी नोंद, फेरबदल, छपाई, पूर्ण मोकळीक. 'बिल'ला नवी नोंद आणि छपाई द्या.

त्याच पानावर 'डेज अलाऊड फॉर बॅक डेटेड व्हाउचर्स' असा एक रकाना आहे. मागची तारीख टाकून किती दिवसांपर्यंतची नोंद करता येईल, ते इथे ठरतं. इतकी मोलाची जागा अख्ख्या टॅलीत दुसरी नाही, आणि वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही दुकानात ती भरलेली सापडली तर त्या मालकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. बिलावरच्या पोऱ्याला एक दिवस द्या. दिवाणजींना तीन किंवा चार. रविवार आणि बाजारचा दिवस धरून एवढे पुरतात.

पुढचं पान स्टॉकचं. मालाची नावं, भाव आणि कराचा दर बदलण्याचा हक्क बिलावरच्या माणसाला देऊ नका. तुमच्या एकाच गल्ल्यावर तीन प्रकारचा जीएसटी चालतो: बियाण्याला शून्य, रासायनिक खताला ५ टक्के, फवारणीच्या रासायनिक औषधाला १८ टक्के. गर्दीत कोणी घासाघीस करतो, 'तेरा टक्के कमी कर ना बे' असं गमतीत म्हणतो, आणि बाजूला उभा असलेला जाणकार नातेवाईक खरोखर औषधाच्या पानावर १८ चं ५ करून बिल काढून देतो. त्या बिलापुरतं नाही, त्यापुढच्या प्रत्येक बिलाला. हे कळतं पुढच्या महिन्यात, रिटर्न भरताना, आणि फरक तुमच्या खिशातून जातो.

चुकलेलं बिल पोऱ्याने काय करावं, हा रास्त प्रश्न आहे. ते पुसू नये, रद्द करावं. टॅलीत 'ऑल्ट' आणि 'डी' दाबलं की नोंद नाहीशी होते, 'ऑल्ट' आणि 'एक्स' दाबलं की नोंद रद्द होऊन नंबर जागेवर राहतो. बिलांचे नंबर ओळीने असायला हवेत असा जीएसटीचा नियम आहे, आणि किती बिलं रद्द झाली ते रिटर्नमध्ये दाखवायला वेगळा रकानाही आहे. म्हणजे रद्द करणं कायद्याला मान्य आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुसण्याचा हक्क कोणालाच देऊ नका, स्वतःलाही नको. राहवलं नाही तर मोठी किल्ली बायकोकडे द्या.

'आमच्याकडे एकाच संगणकाचं लायसन्स आहे, इतके वापरकर्ते कसे करणार?' असं काही जण विचारतात. सिल्व्हर लायसन्सवरही हवे तितके वापरकर्ते करता येतात, फक्त एका वेळी एकानेच बसायचं. तुमच्याकडे खुर्चीही एकच आहे.

पाठ चौथा: हे सगळं कशासाठी, ते नोव्हेंबरात कळतं

जूनमध्ये पेरणीच्या घाईत एक शेतकरी सोयाबीनचं बियाणं, डीएपीच्या पिशव्या आणि एक तणनाशक नेतो. निम्मे पैसे रोख देतो, निम्मे उधार. हिशेब ठरतो 'माल निंगला की'. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन रिसोडच्या किंवा वाशीमच्या मार्केटात जातं, भावाने रडवलेलं असतं, आणि हा माणूस हातात नोटा आणि खिशात जूनची चिठ्ठी घेऊन तुमच्या दुकानात येतो. तुमची टॅली सांगते बाकी अठरा हजार. त्याची चिठ्ठी सांगते बारा.

"म्या जूनमंदीच सहा हजार देल्ते. या पोट्ट्याच्याच हातात देल्ते."

पोऱ्या म्हणतो, घेतले होते आणि नोंदही केली होती. टॅलीत नोंद दिसत नाही. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी आहेत. मालक शेतकऱ्याकडे पाहतो, शेतकरी पोऱ्याकडे. यापुढे काय होतं ते लिहायची गरज नाही, वऱ्हाडात ते सगळ्यांनी एकदा तरी पाहिलं आहे. पोऱ्याचा बाप संध्याकाळी दुकानात येतो आणि हात जोडून उभा राहतो.

आता हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने घडवून पाहा. टॅलीत 'एडिट लॉग' नावाची सोय आहे. कोणत्या नोंदीत कोणी, कधी, काय बदललं ते त्यात राहतं, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा दोन्ही. तो उघडला. दिसलं की सहा हजारांची पावती १२ जूनला झाली होती आणि ऑक्टोबरात, रात्री अकरा वाजून काही मिनिटांनी, ती दुसऱ्याच शेतकऱ्याच्या खात्यावर फिरवली गेली. आडनाव एकच, खाती दोन, अंधारात चुकीच्या ओळीवर बोट पडलं. कोणी केलं? लॉग म्हणतो: 'अ‍ॅडमिन'.

अ‍ॅडमिन कोण? सगळेच.

एडिट लॉग असूनही पोऱ्या सुटला नाही, कारण सगळे एकाच नावाने आत जातात. म्हणून प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. ज्याला जुनी पावती बदलताच येत नाही, त्याच्यावर ती बदलल्याचा आळ येऊ शकत नाही. हक्क काढून घेतले की पोऱ्याला आधी अपमान वाटतो, त्याला हे नीट बसवून समजावून सांगा. आमच्या मते टॅलीतल्या कुलपांचा सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात कमी पगारवाल्याला होतो, आणि मालकाला हे पटलं तर बाकीची मार्गदर्शिका वाचली नाही तरी चालेल.

पाठ पाचवा: पासवर्ड

कीबोर्डखालची चिठ्ठी काढा. मॉनिटरच्या मागे चिकटवलेलीही.

लग्नसराईत मालक मालेगावला, दुकानात गर्दी आणि सकाळी आठला फोन, "शेठ, पासवर्ड सांगा ना जरा." त्या एका फोनात सहा महिन्यांची शिस्त वाहून जाते. यावर उपाय म्हणजे मालक गावात नसताना ज्याने निर्णय घ्यायचा त्याला स्वतःच्या नावाने तेवढा हक्क आधीच देऊन ठेवणं. पासवर्ड उसना देऊ नये.

युरिया-डीएपीच्या ई-पॉस मशीनचंही तसंच. २०१८ पासून देशभर अनुदानित खत या मशीनवरच विकावं लागतं, शेतकऱ्याची ओळख आधारवर पटवून. मशीन मालकाच्या नावावर उघडतं. सकाळी मालक ते उघडून देतो आणि दिवसभर जो हाताशी असेल तो चालवतो. मशीनमधला साठा, टॅलीतला साठा आणि गोदामातली थप्पी असे तीन आकडे झाले की कृषी खात्याचा निरीक्षक नेमका त्याच दिवशी येतो. त्या वेळी परवाना कोणाच्या नावाचा आहे एवढंच पाहिलं जातं.

'टॅलीव्हॉल्ट' ही आणखी एक तिजोरी. ती लावली की कंपनीच्या यादीत तुमच्या दुकानाचं नावसुद्धा दिसत नाही, चांदण्या दिसतात. पण तिचा पासवर्ड विसरलात तर ती टॅलीवाल्यांनाही उघडता येत नाही. कागदावर लिहून बँकेच्या लॉकरात ठेवा. तेवढी तयारी नसेल तर व्हॉल्ट लावू नका.

आणि जीएसटीच्या पोर्टलवर कोणाचा मोबाइल नंबर आहे ते पाहा. ओटीपी टॅक्सवाल्यांच्या असिस्टंटच्या फोनवर जात असेल, तर तुमच्या धंद्याचं दार त्याच्या खिशात आहे. तो भला माणूस असेल, पण नंबर तुमचाच हवा.

पाठ सहावा: शिकायचं कोणाकडून

शहरात जायची गरज नाही. बचत गटाच्या बायांना विचारा. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशी तिघींची नावं बँकेत असतात आणि पैसे काढायला सह्या दोघींच्या लागतात. एकीचा नवरा कितीही मोठा पुढारी असो, तिच्या एकटीच्या सहीवर पैसा निघत नाही. महिन्याच्या बैठकीत वही मोठ्याने वाचली जाते. लिहिणारी एक, तपासणारी दुसरी, ऐकणाऱ्या सगळ्या. मोठ्या कंपन्या यासाठी सल्लागारांना लाखो रुपये मोजतात. इथे ते चहावर होतं.

उलट धडा ग्रामपंचायतीकडून घ्या. २०२० साली आलेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत पंचायतीचे पैसे देताना दोन डिजिटल सह्या लागतात: एकाने देयक तयार करायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. ग्रामसेवक आणि सरपंच. कागदावर याहून चांगली व्यवस्था नाही. सहीचं डोंगल मात्र पेन ड्राइव्हएवढं असतं, आणि पेन ड्राइव्ह कोणाच्याही खिशात मावतो. सरपंच बाई असल्या तर कोणाच्या खिशात मावतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. दोन किल्ल्या एकाच हातात गेल्या की दोन कुलपांना काही अर्थ उरत नाही.

सेवा सहकारी सोसायट्यांचीही आता पाळी आली आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशभरातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर आणायला २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. पूर्वी गटसचिवाची वही गटसचिवालाच वाचता यायची, तीच सगळ्यात मोठी सुरक्षा होती. आता वही सगळ्यांना वाचता येणार, तेव्हा लिहायचा हक्क कोणाला याचा विचार करावा लागणार.

पाठ सातवा: कायदा

तुमचं दुकान एकट्या मालकाचं किंवा भागीदारीचं असेल तर एडिट लॉगची तुमच्यावर सक्ती नाही. पण तुमच्यापैकी बरेच जण शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद आहेत, काही संचालकही आहेत. दहा शेतकरी एकत्र आले की ती काढता येते आणि ती कंपनी कायद्याखाली येते, म्हणून तिला मोठ्या कंपनीचाच नियम लागू होतो. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीने असंच सॉफ्टवेअर वापरायचं आहे, ज्यात प्रत्येक बदलाचा माग राहतो आणि तो माग बंद करता येत नाही. टॅलीने २०२२ मध्येच यासाठी वेगळी आवृत्ती काढली, तिच्यात लॉग बंद करायचं बटणच नाही.

तेव्हा पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत, चहा-पोहे येण्याआधी, एक प्रश्न विचारा: आपल्या कंपनीच्या टॅलीत किती वापरकर्ते आहेत? उत्तर 'एक' आलं तर पोहे येऊ देऊ नका.

पाठ आठवा: माणूस सोडून गेल्यावर

पोऱ्याने नोकरी सोडली, त्या दिवशी त्याला शर्टपीस आणि नारळ द्या, आणि त्याच संध्याकाळी त्याचा वापरकर्ता बंद करा. दोन्ही करा. नुसता नारळ देणारे दुकानदार पुष्कळ आहेत. तो पुढच्या वर्षी चौकात स्वतःचं दुकान टाकेल, आणि तुमच्या उधारीची अख्खी यादी, कोण बुडवतो आणि कोण वेळेवर देतो यासकट, त्याला पाठ असेल. डोक्यातली यादी परत घेता येत नाही. पेन ड्राइव्हवरची मात्र बाहेर जाऊ नये याची काळजी आधी घेता आली असती: डेटा बाहेर काढायचा हक्क त्याच्या भूमिकेतून पहिल्याच दिवशी काढून.

दुसऱ्याला दुरून तुमचा संगणक चालवू देणाऱ्या एनीडेस्कसाठी कायमचा पासवर्ड लावून ठेवला असेल तर तोही काढा. टॅक्सवाल्यांना लागेल तेव्हा फोन करतील, तुम्ही परवानगी द्याल, काम झालं की बंद. ते रात्री दोन वाजता तुमच्या संगणकात शिरणार नाहीत हे आम्हालाही ठाऊक आहे. पण त्यांच्या कचेरीतूनही पोरं नोकरी सोडून जातात.

नेहमी येणाऱ्या शंका

"धाकल्या भावाले दिवाणजीपेक्षा कमी हक्क देले तं घरात भांडन होईन ना बावा?"

होईल. भावाला पाहण्याचा हक्क सगळा द्या, लिहिण्याचा त्याच्या कामापुरता. वाटणी झाली त्या दिवशी तो तुमचे आभार मानेल, किंवा त्याचा वकील मानेल.

"इतका अविश्वास ठेवला तं मानसं टिकतीन का?"

ज्या दुकानात गल्ला कमी भरला की सगळ्यात आधी पोऱ्याचा खिसा तपासतात, तिथे माणसं टिकत नाहीत.

"जावयाचं काय करा?"

त्याच्या नावाने एक वापरकर्ता करा, भूमिका 'फक्त पाहणे', आणि फक्त स्टॉकची यादी दाखवा. नाव 'जावईबापू' ठेवा, मान राहतो.

"हे कधी कराव?"

मृग ७ जूनच्या आसपास लागतो. बियाण्याची पहिली गाडी त्याच्या आधी येते, आणि ती आली की तुम्हाला जेवायलाही सवड मिळत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी शटर अर्धं ओढा, दिवाणजी आणि पोऱ्या दोघांनाही समोर बसवा आणि प्रत्येकाला त्याचा पासवर्ड त्याच्याच हाताने टाकायला लावा. तो टाकत असताना तुम्ही बाहेर बघा.